चिमूटभर वाळू

काथमुत्तू मेस्त्रीने वाळूची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि ट्रकवाल्या चिन्नय्याने श्वास रोखून धरला.

वेदारण्यम हे मिठागरांचं गाव. खारट वाळूचा गिलावा इथे वर्षभरात पापुद्रे टाकतो, आतली सळई गंजून फुगते आणि छताला तडा देते. म्हणून मेस्त्रीने चाखल्याशिवाय वाळू ट्रकमधून उतरत नसे. आणि काथमुत्तूची जीभ म्हणजे काय! एकदा त्याने चिमूट चाखून सांगितलं, ही कोळ्ळिडम नदीच्या डाव्या काठची, आणि हिच्यात परवा एक म्हैस डुंबून गेलीय. म्हैस गाभण होती हे लोकांनी मागाहून जोडलं. बाकी म्हैस खरी.

"गोड आहे. उतरव," मेस्त्री म्हणाला.

"ऐकलंस ना अंजलै?" चिन्नय्या खुलला. "आता वादळाचा बाप आला तरी तुझं घर हलायचं नाही!"

अंजलैचं घर वादळात गेलं होतं. चार वर्षं ती झावळ्यांच्या आडोशाला राहत होती. तिने मेस्त्रीला हात जोडले आणि लगेच चाळण उचलली.

दुपारी मेस्त्रीची बायको सेल्लम्मा जेवण घेऊन आली. केळीच्या पानावरचा रसम-भात मेस्त्रीने ओरपला, बोटं चाटली.

"कसं झालंय रसम?"

"नेहमीसारखं. फक्कड."

"तीन मुठी मीठ घातलंय त्यात. तुमची ती म्हैस प्याली असती तर जागच्या जागी आडवी झाली असती."

मेस्त्रीचा हात पानावरच थांबला.

"गेल्या महिन्यातल्या तापापासून बघतेय मी. बिनसाखरेचं पायसम दोनदा मागून खाल्लंत."

"हळू बोल. तापानंतरची ही पहिलीच गाडी आहे. नजरेला बरी वाटली..."

"नजरेला मीठ दिसतं होय? अंजलैच्या भिंतीला लोणा लागला की मग बोलू मोठ्याने?"

"चाळीस वर्षं गाव या जिभेच्या भरवशावर उभं राहिलंय गं."

पलीकडे अंजलै गुणगुणत वाळू चाळत होती. मेस्त्री बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग उठला.

"थांब पोरी, कालवू नकोस. सेल्लम्मा, इकडे ये. चाखून बघ."

सगळ्यांसमोर सेल्लम्माने चिमूट जिभेवर ठेवली आणि थू करून टाकली. "अगं बाई! ही तर माझ्या रसमच्या वरताण!"

चिन्नय्या स्वतःच्या पायांकडे बघू लागला. "नदीची कमी पडली, म्हणून किनाऱ्यावरची थोडी... पण मेस्त्री, तुम्हाला कसं कळलं नाही?"

"जीभ मेली माझी," मेस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भर परत ट्रकमध्ये."

तिसऱ्या दिवशी नवी वाळू आली. सेल्लम्माने पदर खोचला, चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले, अगदी त्याच्यासारखे. चिन्नय्याने श्वास रोखला. मेस्त्री तिच्या मागे उभा होता, तिला चूळ भरायला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांत धरून.