गळ्याशी फुगलेली पाल

बाळ पाच महिन्यांचं झालं आणि ती संग्रहालयात कामावर परतली, तीच मुळी हवेत तरंगत. काचेच्या पेटीत तिची वाट बघत एक पाल बसली होती. दमट जंगलातून आणलेली, करडी, आणि विभागप्रमुख सरांच्या मते जगात आजवर कुणीच न नोंदवलेली. इतर बाबतींत तिच्याशी जुळणाऱ्या जातीत नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची ओळ असते. या नराला ती नव्हती. शिवाय गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगवटे, जे कुठल्याच वर्णनात सापडत नव्हते. नर कशावरून? तर शेपटीचा बुंधा जाड दिसला म्हणून सरांनी ठरवलेला.

दोन आठवड्यांत लिहून झालेल्या शोधलेखावर पहिलं नाव तिचं होतं, आयुष्यातलं पहिलंच. संध्याकाळी तो पाठवायचा होता. सर नव्या जातीला नाव शोधत येरझारा घालत होते आणि फिरून फिरून बायकोच्याच नावापाशी येत होते.

पण तिचा जीव धास्तीखोर. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जाणारी. तिने पुन्हा एकदा भिंग उचललं, आणि नेमका सासूबाईंचा फोन आला. बाळ दूध पिऊन गाढ झोपलंय, काळजी करू नकोस, वगैरे सांगून त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"कॅल्शियमची गोळी इथेच विसरलीस. अंगावर पाजतेस, हाडांचा भुगा होईल अगं."

"हो आई," ती म्हणाली, आणि तिची नजर पेटीकडे गेली.

पाल काचेवर चढून तिच्याकडे पोट करून बसली होती. ते फुगवटे कातडीतून पांढरे दिसत होते, खडूसारखे. तिने दिवा मागे धरला. पोटात दोन गोल सावल्या, शेजारीशेजारी.

तिला हसू फुटलं, आणि काही केल्या आवरेना. छिद्रं नसणारच. गळ्यात आजार नाही, नवलाई नाही. बाई अंड्यांच्या कवचासाठी चुना साठवून बसलीय.

"सर, हा नर गरोदर आहे."

सरांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि खुर्चीत बसकण मारली. मग हळूच विचारलं, "बायकोला मी सांगून बसलोय. आता काय करू?"

"बारशाला बोलवा," ती डोळे पुसत म्हणाली. लेख बारगळला होता, पहिलं नाव गेलं होतं, आणि तिला मात्र पेटीत उबदार वाळू कुठून आणून घालू असं झालं होतं. फोनवर सासूबाई अजून विचारत होत्या, कोण गरोदर, कोण?