जिवंत माणूस लागतं

बायको गेली आणि लिफ्टवाल्याला घर खायला उठलं. कामावरून सुटला की तो बुद्धविहारात जाऊन मागच्या ओळीत बसू लागला. तिथं सगळे एका सुरात वंदना म्हणायचे, त्यात त्याचा घोगरा आवाज खपून जायचा.

वंदनेनंतर मैत्रीभावना असायची, सगळ्यांचं भलं चिंतायची. आधी स्वतःसाठी म्हणायचं, मग आवडत्या माणसासाठी, मग ओळखीपाळखीच्यांसाठी, आणि मग ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्यासाठी. ‘सुखी असो, निरोगी असो, निर्भय असो.’ दुसऱ्या पायरीवर तो बायकोला डोळ्यांसमोर आणायचा आणि तिथंच अडकायचा. कारण ‘असो’ हा तिचाच शब्द. भांडण कितीही तापलेलं असो, ती मध्येच पदराला हात पुसायची आणि म्हणायची, “असो. पाणी काढलंय, अंघोळ करून घ्या.” बाकीचे वाकड्यांपर्यंत पोचायचे तेव्हा हा अजून बायकोपाशीच, गाल ओले करून.

एकदा भन्तेजींनी त्याला थांबवून घेतलं.

“आवडत्या माणसाच्या ठिकाणी कोणाला धरता?”

“मंडळींना.”

“त्या तर गेल्या ना?”

“गेली. पण आवडती तीच होती.”

“तिथं जिवंत माणूस लागतं,” भन्तेजी हळू आवाजात म्हणाले. “गेलेल्याला धरलं की मन मैत्रीत राहत नाही, शोकात उतरतं. तुमचंच बघा.”

“मग तिला कुठं ठेवू?”

“शेवटी आपण आपलं पुण्य गेलेल्यांना वाहतो. तिथं.”

घरी येऊन तो माणूस शोधायला बसला. मूलबाळ नव्हतं. सख्खा भाऊ होता, पण त्याची सोय चौथ्या पायरीवर आधीच झालेली. उरला लिफ्टदुरुस्तीच्या कामातला जोडीदार. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे.

“पैलवान, तुझ्यासाठी म्हणू का रे, सुखी असो म्हणून?”

“म्हण की. पण वहिनींच्या जागी बसवत असशील तर आधीच सांगतो, मला स्वयंपाक येत नाही.”

तो हसला खरा, पण संध्याकाळी पैलवानाला डोळ्यांसमोर धरलं की त्याच्यामागून बायको येऊन उभी राहायची. तिला ‘तू बाजूला हो’ कसं म्हणायचं? आणि नाही म्हटलं, तर तो तिथून हलणार कसा?

अशात एका मोठ्या कचेरीतून फोन आला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली होती, आत एक बाई होती. अशा वेळी एकानं गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन ब्रेक सोडायचा आणि चाक हातानं फिरवत लिफ्ट सरकवायची. दुसऱ्यानं दाराशी उभं राहून आतल्याशी बोलत राहायचं. बोलणं पैलवानाचं काम, त्याची जीभ टाळ्याला लागत नसे. पण लिफ्टवाल्याचा अंगठा आदल्या दिवशीच दारात चेमटला होता. म्हणून पैलवान चाकाकडे गेला आणि हा चौथ्या मजल्यावर दाराशी उभा राहिला.

आतून दारावर मुठी आपटत होत्या. “मला श्वास घेता येत नाही!”

“हवा येते बाई, वर जाळी आहे.”

“बोलत राहा! गप्प बसू नका!”

दिवसदिवस तोंड न उघडणारा माणूस तो. जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर आलं. “निर्भय असो. निरोगी असो. सुखी असो.”

“असो काय असो! मी इथं मरतेय आणि तुम्ही असो म्हणून मोकळे?”

“तसलं असो नाही हो. तुमची भीती जावो, असं म्हणतोय.”

“मग मला म्हणताय हे कळू द्या की!”

तो दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, “तुम्ही निर्भय असा. तुम्ही निरोगी असा. तुम्ही सुखी असा.”

मुठी थांबल्या. “परत म्हणा.”

तो परत म्हणाला. लिफ्ट बोट-बोटभर वर सरकत होती. तो म्हणतच राहिला, आणि थोड्या वेळानं आतूनही थरथरता आवाज त्याच्यामागे म्हणू लागला.

दार उघडलं तेव्हा विस्कटलेल्या केसांची बाई चपला हातात घेऊन बाहेर पडली. “केवढा वेळ लावलात!” एवढंच बोलली आणि जिन्यानं धडाधड उतरून गेली.

पैलवान घाम पुसत खाली आला. “थँक्यू तरी म्हणाली का?”

“नाही.”

लिफ्टवाला जिन्याच्या पायरीवर टेकला. इतका वेळ म्हणत होता, पण बायको एकदाही आठवली नव्हती. त्याला चोरी केल्यासारखं झालं.

संध्याकाळी विहारात दुसऱ्या पायरीवर त्यानं त्या बाईला धरलं. चेहरा आठवेना, दारावरच्या मुठी ऐकू आल्या. ‘तुम्ही निर्भय असा.’ डोळे कोरडे राहिले. सगळे पुढं गेले तसा तोही गेला, भावापाशी दात-ओठ खात का होईना, पण पोचला.

मग गेलेल्यांना पुण्य वाहायची वेळ आली. त्यानं बायकोला समोर आणलं. आता निवांत तिच्यापाशी बसायचं, असं त्यानं येतानाच ठरवलं होतं. पण ती एकच ओळ होती; आजवर रडण्याच्या नादात ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती. सगळ्यांनी एका दमात म्हटली आणि चटया गुंडाळायला घेतल्या.

दिवे मालवत भन्तेजी मागच्या ओळीपर्यंत आले, तरी तो तिथंच होता.

“भन्तेजी, गेलेल्यांसाठी एवढंच असतं?”

“एवढंच,” भन्तेजी म्हणाले. शेवटचा दिवा त्यांनी तसाच ठेवला आणि ते त्याच्या शेजारी खाली बसले.