कलम सात

चटणी ताटात डावीकडे हवी, ती उजवीकडे वाढली गेली होती. राधाकृष्णांनी ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि भिंतीकडे बघत बसले.

शेजारच्या किशनरावांसाठी रिक्षात ऑक्सिजनचं नळकांडं आडवं घालून सुतळीने बांधलं होतं. रिक्षावाला गाणं गुणगुणत होता.

“मी असं म्हनलोच न्हाई, साहेब,” साक्षीदार म्हणाला. न्यायाधीशांनी कागद पुढे केला. “मग हा अंगठा कोणाचा?” सगळं कोर्ट हसलं. सर्वांत मोठ्याने हसले ते तेव्हा नोकरीत असलेले शिरस्तेदार राधाकृष्ण.

किशनरावांना घरचे नाकातल्या नळीतून पेज घालत. त्यांच्या पाठीला पडलेल्या जखमांचा वास कुंपण ओलांडून यायचा.

“मोठ्यानं वाच. जेवलास ना?” राधाकृष्ण म्हणाले.

छत्तीस वर्षांचा अपूर्व वडिलांसमोर उभा राहून वाचू लागला. सन दोन हजार तीन. घरात गणपती बसलेले. हिंगोलीच्या दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या राधाकृष्णांनी आपल्या मरणाचा दस्त स्वतः टाईप केला होता. किशनराव गेले, त्यांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी राधाकृष्ण टाईपरायटरवर बसले. नोटरीचा शिक्का आज दुपारी बसला. साक्षीदारांच्या जागी अपूर्व आणि कालिंदीबाई यांनी न वाचता सह्या केल्या होत्या. वाचायला कुणी दिलंच नव्हतं.

पहिली सहा कलमं सरळ होती. श्वासाचं मशीन लावू नये. नळी घालू नये. नांदेड, औरंगाबाद कुठेही हलवू नये. घरी ठेवावे, पाणी पाजावे.

“आता सातवं. सावकाश.”

“आजाराच्या भरात, भीतीपोटी अथवा कोणाच्या भरीस पडून मी वरील मजकुराविरुद्ध काही बोललो, तर ते माझे बोलणे समजू नये.”

“कळलं? आयुष्यभर माणसं फिरताना बघितली मी. लेखी देतात अन् पिंजऱ्यात येऊन उलटतात. मी फितूर होणाऱ्यातला न्हाई. अन् झालोच, तर दार आधीच बंद करून ठेवलं.”

“अण्णा, असं काहून बोलता?”

“तू कच्चा आहेस म्हणून. रडशील अन् मशीन लावशील. बायको नांदवता आली न्हाई तुला, बाप काय मारणार?”

आतून कालिंदीबाई म्हणाल्या, “अहो, सणाचे दिवस आहेत.”

“तू मधे बोलू नको.”

त्यांनी मोदकाची पुढची पारी लाटायला घेतली.

त्यानंतर दर एकादशीला वाचन होऊ लागलं. लोक पोथी लावतात, तसं. पाहुणे आले तर पाहुण्यांसमोर. अपूर्व अडखळला की राधाकृष्ण पाहुण्यांकडे बघून म्हणत, “आमचं लेकरू. शिकून राहिलंय अजून.” पाहुणे हसत. दुसऱ्या वर्षी त्याला कागद हातात धरावा लागेना.

पौषात राधाकृष्णांची छाती भरली. रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं.

“न्यूमोनिया आहे,” डॉक्टर म्हणाले. “माझ्याकडे मशीन न्हाई. नांदेडला हलवा. चार-सहा दिवस मशीनवर राहतील, मग निघेल. गडी दणकट आहे. गाडी बोलावू?”

राधाकृष्णांनी तोंडावरचा मास्क उचलला. “बोलवा.”

अपूर्वने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटातला दस्त काढला.

“अण्णा, कलम तीन. कुठंही हलवू नये.”

“गाढवा,” ते धापा टाकत म्हणाले, “ते किशनरावासारखं झालं तर. हे तसं न्हाई.”

“तशी अट टाकली न्हाई तुमी.”

राधाकृष्ण थोडा वेळ दस्ताकडे बघत राहिले. ओळ शोधत असावेत. मग म्हणाले, “मी सांगून राहिलो ना. न्या मला.”

अपूर्वने पाकीट पिशवीत घातलं. छताकडे बघत, न अडखळता, त्याने सातवं कलम म्हटलं.

डॉक्टर दोघांकडे बघत होते. “अहो, पेशंट शुद्धीत आहे.”

“शुद्धीत असतानाच लिहिलंय. शिक्का बघायचाय का?”

त्यांनी शिक्का बघितला. गोल, जांभळा, ठसठशीत. त्यांनी हात मागे घेतला. “कोर्टाची भानगड मला नको. तुमी घरचे ठरवा बराबर. गाडी तेवढी थांबवतो.” ते बाहेर गेले.

राधाकृष्णांनी मान वळवली. कॉटच्या पायथ्याशी कालिंदीबाई उभ्या होत्या.

“अगं, तू तरी सांग याला.”

कालिंदीबाईंनी घोंगडी त्यांच्या पावलांवर ओढली. दोन्ही बाजूंनी नीट खोचली.

“मी कशाला मधे बोलू?”

राधाकृष्णांनी मुलाची बाही धरली. अपूर्व रडला नाही. त्याने एकेक बोट सोडवलं, मास्क सरळ केला, इलॅस्टिक कानामागे हलकेच बसवलं. बाहेर गाडीने दोनदा हॉर्न दिला. मग ती गेली.

त्यांना घरी आणलं. बोलता येत होतं तोवर ते “न्या” म्हणत राहिले. बोलणं गेल्यावर बोटाने दार दाखवत. कालिंदीबाई उठून दार लोटून घेत. थंडी फार होती. तिसऱ्या दिवशी दुपारी अपूर्वने चमच्याने पाणी पाजलं. ते ओठांच्या कडेने उशीवर उतरलं.

भेटायला आलेले लोक म्हणाले, माणसाला असं मनासारखं मरण यायला भाग्य लागतं. एकाने अपूर्वच्या खांद्यावर हात ठेवला. “बापाचा शब्द राखलास, पोरा.”

दस्तावर शिक्का मारला त्या दुपारी नोटरी बाबूसिंग वकिलांनी अपूर्वला कोर्टाच्या पायरीवर गाठून सांगितलं होतं, की म्हाताऱ्याचा मान ठेवला इतकंच, असल्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. कालिंदीबाई शेजारीच उभ्या होत्या.