वेगळा कॅन

क्रांतीनं दुधाची किटली पुढं केली, तरी दूध संस्थेचा सचिव जोतीराम मान खाली घालून फॅटचं मशीनच पुसत राहिला. मागं रांग लागली होती. शेवटी तो हळू आवाजात म्हणाला, "वैनी, तुमचं दूध घ्यायचं न्हाय म्हणून कमिटीनं ठरीवलंय." का, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण तिच्या शेजारची बाई तोवर पदर सावरत हातभर लांब सरकली होती.

शिरोळ तालुक्यातलं ते गाव उसाचं. पण क्रांतीच्या घरात जमीन नव्हती. होत्या त्या दोन म्हशी, आणि म्हशींच्या जिवावर ती आणि सासू तानाबाई अशा दोघी जगत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या शेवटच्या दुखण्यात तपासणी झाली आणि दोघांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून क्रांती कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची आणि एकही गोळी न चुकवता घ्यायची. वैरणीचा भारा एकटी डोक्यावर घेणाऱ्या या बाईला काही आजार असेल, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. खरी गोष्ट एकट्या तानाबाईला ठाऊक होती.

मग अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात तिनं डॉक्टरांना स्वतःहून सगळं खरं सांगितलं. संस्थेचा चेअरमन आकाराम याचा पुतण्या त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होता. टाके काढायच्या आत बातमी गावात पोचली.

त्या दिवशी किटली तशीच भरलेली घरी आली. तानाबाईनं दूध चुलीवर ठेवलं. मग तिनं उचगावच्या भावाचा विषय काढला. तिथं दोन खोल्या रिकाम्या होत्या, म्हशी विकून तिकडंच जाऊन राहू, असं तिचं म्हणणं. क्रांतीलाही क्षणभर ते बरं वाटलं. पण गोठ्यात जाऊन म्हशींना पाणी दाखवताना तिच्या मनात आलं, की उचगावातही कुणाचा तरी पुतण्या कुठल्या तरी लॅबमध्ये असणारच. तिथून मग कुठं जायचं?

"आत्ती, आपण कुठं जायाचं न्हाय," तिनं आत येऊन सांगितलं.

पुढच्या खेपेला गोळ्या आणायला गेली, तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंपाशी तिनं मन मोकळं केलं. त्यांनी तिला थेट कसबा बावड्याला, जिल्हा न्यायालयात जायला सांगितलं. तिथं विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना फुकट वकील मिळतो, हे क्रांतीला पहिल्यांदाच कळलं. कोर्टाची पायरी ती कधी चढली नव्हती. फाटकाशी ती घुटमळली, परत फिरली, आणि रस्त्यापलीकडं जाऊन चहा घेऊन पुन्हा आली.

तिला मिळालेल्या वकील सुहाना मुजावर तिच्याहून वयानं लहान होत्या. त्यांनी सगळं मधे न बोलता ऐकून घेतलं. एचआयव्ही असलेल्या माणसाला कुणीही सेवा नाकारू शकत नाही, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार दुसऱ्याला सांगताही येत नाही, तसा कायदाच आहे, असं त्यांनी समजावलं. कोर्टाच्या कागदावर खरं नाव येऊ द्यायचं नसेल तर तशी सोयही होती.

"गावात झाकायला आता ऱ्हायलंय काय, मॅडम?" क्रांती म्हणाली. मग म्हणाली, "पर कागदावर झाका. म्हातारीच्या माहेरात अजून कुणाला ठावं न्हाय."

संस्थेला नोटीस गेली, लॅबमधल्या पुतण्यावर वेगळी तक्रार झाली, आणि गाव खवळलं. आकारामनं घरी माणसं धाडून समजूत घालून पाहिली. संस्थेचं नाव खराब होईल, गावाचं दूध कुणी उचलणार नाही, असं ती माणसं सांगून गेली. दारावरनं जाताना कुणी बोलेना. पण तानाबाईनं या सगळ्यात उचगावचं नाव पुन्हा काढलं नाही. सुनावणीच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून क्रांतीच्या आधी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली.

प्राधिकरणाच्या न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना समोर बसवलं. दुधातून हा आजार पसरत नाही, हे आकारामलाही वकिलानं आधीच सांगितलेलं दिसत होतं, कारण तो त्यावर वाद घालत बसला नाही. त्यानं तोडगाच पुढं ठेवला. क्रांतीचं दूध संस्था घेईल, दरही तोच देईल. फक्त तिनं केंद्रावर यायचं नाही. माणूस घरी येऊन दूध नेईल, आणि तिच्या दुधाचा कॅन वेगळा राहील.

तानाबाईचा चेहरा सैल पडलेला क्रांतीला दिसला. दूध जाणार होतं, घर चालणार होतं. सुहाना मॅडम तिच्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, "असं वेगळं काढणंही कायद्यानं चालत नाही. पण हो म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

क्रांती उठून उभी राहिली. तिनं टेबलाचा काठ धरला.

"साहेब, आज कॅन वेगळा झाला, तर उद्या पाण्याचा नळ वेगळा हुईल. परवा म्हातारी मेल्यावर तिला खांदा द्यायला कोण येनार? मी रांगेत उभी ऱ्हानार. सगळ्यांच्या कॅनात माझं दूध वतायचं. हे हुनार नसंल, तर माझी केस चालवा."

न्यायाधीशांनी आकारामकडं पाहिलं. त्याच्या वकिलानं त्याला बाहेर नेलं. बऱ्याच वेळानं दोघं आत आले आणि आकारामनं क्रांतीच्या अटीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांती केंद्रावर गेली. रांग तिच्या मागंपुढं चांगलीच विरळ झाली. दोघीजणी आपलं दूध घेऊन खालच्या आळीतल्या दुसऱ्या संस्थेकडं निघून गेल्या. जोतीरामनं तिचं दूध मोजलं, फॅट पाहिली, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्या कॅनात ओतलं. तिची पावती देताना त्यानं या खेपेला मान वर केली.

पंधरवड्यात त्या दोघींपैकी धोंडुबाई परत आली. खालच्या आळीत दर नीट मिळत नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. क्रांतीनं तिला आपल्या पुढं जागा करून दिली. दुसरी काही आली नाही.

लॅबमधल्या पुतण्यावरची तक्रार मात्र अजून चालू आहे. तीही क्रांतीनं मागं घ्यावी म्हणून आकारामनं दोनदा निरोप धाडला. दूध आता घेतोय, मग आणखी काय पाहिजे, असं त्याचं म्हणणं. क्रांतीनं निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि सांगितलं, की त्या दवाखान्यात माझ्यासारखी आणखी माणसं जात असतील, ती डॉक्टरला खरं सांगायला भ्याली तर मरतील. तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती जाणार आहे.