मूल्य सप्ताहातलं सहभोजन

मानेवाडा रोडवरच्या त्या शाळेला दर जानेवारीत अचानक मूल्यांची आठवण येते. एरवी वर्षभर तिला फीची आठवण पुरते. यंदाच्या 'सर्वधर्म मूल्य सप्ताहा'ची सगळी जबाबदारी मुख्याध्यापिका सिंधूताईंनी सुमती मॅडमच्या गळ्यात घातली. सुमती कंत्राटी शिक्षिका, तिच्या कराराची मुदत उन्हाळ्यात संपत होती. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही, हे सिंधूताईंना ठाऊक होतं, आणि सुमतीला त्यांच्याहून चांगलं ठाऊक होतं.

सुमतीनं मात्र मनापासून शिकवलं, तिथंच तिचं चुकलं. सहावीच्या वर्गात तिनं भुकेल्याला जेवू घालण्याविषयी सांगितलं. गुरुद्वाऱ्यातला लंगर झाला, रमजानमधला इफ्तार झाला, विहारातलं भोजनदान झालं, देवळातला महाप्रसाद झाला. शेवटी ती म्हणाली, "आपल्या ताटातलं दुसऱ्याला देणं कुठल्याच धर्माला चुकीचं वाटत नाही." मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. वहीतच राहिलं असतं, तर सप्ताह सुखासमाधानानं पार पडला असता.

पायलनं ते अमलात आणलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत शेजारी बसणाऱ्या ऋषिकेशचा डबा घरीच राहिला होता, म्हणून तिनं आपल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या त्याच्यापुढं सरकवल्या. त्यानं बोटं चाटत त्या संपवल्या आणि घरी जाऊन आईकडं तशाच करून मागितल्या. झालं, घरात चौकशी सुरू झाली.

ऋषिकेशचे आजोबा चंपतराव शाळेच्या पालक समितीचे अध्यक्ष. सकाळी शाळा भरायच्या आधीच ते ऑफिसात हजर. सुमतीला बोलावणं गेलं.

"नातवानं दुसऱ्याच्या डब्यातलं खाल्लं म्हणते," चंपतराव खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले. "कोणाच्या?"

"पायलच्या. सांबारवड्या होत्या," सुमती म्हणाली.

"पायल म्हणजे थ्या विहाराजवळच्या नागसेनची पोरगी न?"

"हो."

चंपतराव पंख्याकडं पाहत म्हणाले, "आमी काही जातपात मानत नाही, मॅडम. उगाच गैरसमज करून घेऊ नका. चौदा एप्रिलले मी सोता हार घालतो. पण पोराचं पोट नाजूक आहे."

"सांबारवडी शाकाहारीच असते."

"तो मुद्दाच नाही न, मॅडम."

मुद्दा कोणता, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सिंधूताईंना तो न सांगताच कळला होता. त्यांनी त्यावर 'आरोग्य' हा शब्द शोधून काढला. फार सोयीचा शब्द, त्याखाली काहीही झाकता येतं. ठरलं असं, की यापुढं ज्यानं त्यानं आपापला डबा खायचा. पायलला वाटून खायची सवय लागलेली, म्हणून तिनं मधल्या सुटीत मागच्या खिडकीजवळच्या बाकावर एकटीनं बसायचं. तिला हे सांगायचं काम अर्थातच सुमतीचं.

"गोडीनं सांगा बरं," चंपतराव उठता उठता म्हणाले. "लेकराले वाईट वाटलं नाही पाहिजे."

सुमतीनं गोडीनं सांगितलं, म्हणजे ती खोटं बोलली. "खिडकीजवळ हवा छान लागते, तिथं बसून जेवत जा. आणि आपला डबा कोणाला द्यायचा नाही."

"काहून मॅडम? तुमीच तं सांगतलं होतं..."

"नियम आहे."

पायलनं डब्याचं झाकण लावलं. डबा उचलून ती मागं जाऊन बसली. तिची पाठमोरी वेणी पाहताना सुमतीला स्वतःची मनस्वी लाज वाटली. पण करार आठवला आणि तिनं फळा पुसायला घेतला.

शनिवारी सप्ताहाचा समारोप होता आणि कार्यक्रमाचं नाव होतं सहभोजन. सगळ्या धर्मांची मुलं आपापल्या पोशाखात स्टेजवर एका पंगतीत बसणार होती. शाळेत पारशी सापडेना, म्हणून नरखेडच्या एका संत्रेवाल्याच्या नातवाला काळी टोपी घालून पारशी केलं. यहुद्याचा पोशाख भाड्यानं मिळाला नाही, तेव्हा तो धर्म यंदापुरता रद्द झाला. बौद्ध म्हणून पायलला पांढरे कपडे घालून बसवलं. तिच्या शेजारी पीतांबर नेसून ऋषिकेश बसला. त्याचं पोट आज नाजूक नव्हतं, कारण पाहुणे आले होते.

प्रमुख पाहुण्यांनी बंधुभावावर भरपूर भाषण केलं आणि मग त्यांना एक कल्पना सुचली. "मुलांनो, आता शेजाऱ्याला घास भरवा पाहू," ते म्हणाले. फोटोग्राफर पुढं सरसावला. साऱ्या पंगतीत लाडू इकडून तिकडं गेले. फक्त पायल हातात लाडू धरून बसून राहिली. ऋषिकेशनं केव्हाचा आ वासला होता.

"दे वं पोरी," पहिल्या रांगेतून चंपतराव म्हणाले. "फोटोपुरतं चालते."

प्रार्थनेचा माइक मुलांच्या पुढ्यातच होता. त्यामुळं पायल हळू बोलली, तरी ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. "मॅडम, फोटो झाल्यावर, सोमवारी परत मी एकटीच खिडकीजवळ बसू का?"

"खिडकीजवळ का बरं?" पाहुण्यांनी विचारलं. सिंधूताई हसून "लेकरू आहे" म्हणाल्या आणि त्यांनी सुमतीकडं पाहिलं. त्या पाहण्यात पुढच्या वर्षाची नोकरी होती. सुमतीला ती स्पष्ट दिसली. तरी ती स्टेजवर चढली.

"दादा, कॅमेरा खाली ठेवा," ती फोटोग्राफरला म्हणाली. मग पायलशेजारी गुडघे टेकून तिनं माइकवरच सांगितलं, "हवेचं मी तुला खोटं सांगितलं, पायल. तुझं काही चुकलं नव्हतं. सोमवारपासून तू ऋषिकेशजवळच बसायचं. आणि आता लाडू द्यावासा वाटला तर दे, नाही तर तू खा. फोटो कोणी काढणार नाही."

पायलनं जरा विचार केला. लाडू मोडून अर्धा ऋषिकेशला दिला, अर्धा आपण खाल्ला. पहिली रांग एकदम आपापल्या मोबाइलमध्ये गढून गेली.

सोमवारी पायल ऋषिकेशजवळ बसून जेवली. पाहुण्यांसमोर जाहीर झालेलं मागं घ्यायला कोणाची जीभ रेटेना. मूल्यांचा असाही उपयोग होतो.

उन्हाळ्यात सुमतीचा करार वाढला नाही. सिंधूताईंनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कारणही प्रामाणिकपणे सांगितलं.

"तुमी शिकवता ते लेकरं खरं धरतात, मॅडम. शाळेले ते परवडत नाही."