माझी डावी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी लाल मोटारगाडी आहे आणि मी शेतात राहते. हसू नका. माझ्या टपावर सकाळपासून साळुंक्यांचे भांडण चालू आहे. काल एका खंड्याने माझ्या बॉनेटवर बसून मासा गिळला. मासा गिळला त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानंतर त्याने जे केले त्याबद्दल आहे. पण पाऊस येईल आणि ते धुऊन जाईल. एकंदरीत माझे बरे चालले आहे.

माझा जन्म हरियाणातल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेल्या बहुतेक गाड्या पांढऱ्या होत्या, कारण दिल्लीच्या उन्हात लोकांना पांढरी गाडी आवडते. मी लाल निघाले. दिल्लीच्या मयूर विहारमध्ये राहणारे दिनकरराव तेव्हा सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना पक्षी बघण्याचे भारी वेड. झाडीत लपून जावी अशी हिरवट गाडी त्यांना हवी होती, पण ती यायला वेळ होता. त्यांच्या पत्नी वीणाताई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना कुठलीही गोष्ट ताटकळत ठेवलेली चालत नसे. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "ही घेऊया. पक्ष्यांना काय, त्यांना कुठे लग्नाला न्यायचंय?" अशी मी घरात आले. दिनकररावांच्या पक्षीमित्रांनी मला पाहिले आणि विचारले, "फायर ब्रिगेड कशाला बोलावली?" मला तेव्हा फार राग आला होता.

सुरुवातीला मला दिनकरराव चालवत. म्हणजे तसा प्रयत्न करत. एका सकाळी विजेच्या तारेवर त्यांना नीलपंख दिसला. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि आम्ही दोघे रस्त्याकडेच्या कलिंगडांच्या ढिगात शिरलो. कुणाला लागले नाही, पण घरी परतताना माझ्या मागच्या सीटवर फुटकी कलिंगडेच कलिंगडे होती. वीणाताईंनी ती कापली, सगळ्या मजल्यावर वाटली आणि मग शांतपणे सांगितले, "अहो, एकतर पक्षी बघा, नाहीतर रस्ता. दोन्ही जमणार नाही."

त्या दिवसापासून स्टिअरिंग वीणाताईंकडे गेले आणि डावी खिडकी दिनकररावांकडे. दोघेही खूश होते. मीही होते, कारण वीणाताई गिअर बदलताना मला कधी दुखवत नसत.

पहिल्याच हिवाळ्यात मात्र माझी चांगलीच फजिती झाली. त्यांचा मुलगा शार्दूल तेव्हा नोएडात नवीन नोकरीला लागला होता. त्याने हौसेने माझ्या पाठीशी एक भोंगा बसवला. मी मागे जाऊ लागले की त्यातून एक ठसकेबाज धून वाजत असे. तेव्हा दिल्लीत त्याची मोठी फॅशन होती. आम्ही ओखल्याच्या पक्षी अभयारण्यात गेलो. यमुनेच्या पाण्यावर दूर देशाहून आलेली बदके पसरली होती. थापट्यांचा मोठा थवा, तलवार बदके, काठाशी लांब पायांचे शेकाटे. दिनकररावांनी श्वास रोखला होता. इतक्यात जागा नीट मिळावी म्हणून वीणाताईंनी मला जरा मागे घेतले. मी बँडबाजा सुरू केला आणि तलाव रिकामा झाला.

 दिनकररावांनी दुर्बीण खाली ठेवली आणि डबा उघडून थालीपीठ खाल्ले. संध्याकाळी शार्दूलने माझी ती वायर मुकाट्याने कापली.

पण त्याच हिवाळ्यात आम्हाला एक गोष्ट कळली. पक्ष्यांना माझा लाल रंग खटकत नाही. मी येऊन थांबले, इंजिन बंद झाले आणि कुणी उतरले नाही, तर थोड्या वेळाने ते मला एखादा मोठा दगड समजतात. ते घाबरतात दोन पायांच्या प्राण्याला. दार उघडले की संपले. म्हणून दिनकररावांनी नियमच केला की पक्षी समोर असताना दार उघडायचे नाही, बोलायचे ते कुजबुजत आणि खोकला आला तर गिळायचा. वीणाताईंना एकदा शिंक आली तर दिनकररावांनी दोन दिवस तिची आठवण काढली होती.

असे आमचे ऋतू चालले. डिसेंबरच्या धुक्यात कधीकधी तळेच दिसत नसे, तरी दिनकरराव म्हणायचे, "आवाज तर येतोय ना!" आणि आम्ही तिघे पांढऱ्या अंधारात बदकांची बडबड ऐकत बसायचो. होळीनंतर पाहुणी बदके उत्तरेला निघून जात. मग आम्ही दक्षिण दिल्लीतल्या जंगलाच्या कडेला जायचो. तिथे काटेरी बाभळींच्या सावलीत मी भट्टीसारखी तापायचे. इंजिनाचा आवाज नको म्हणून एसी बंद. दोघे पन्हे पीत घाम पुसत बसायचे, ते कशासाठी, तर पांढऱ्या शेपटीच्या फिती उडवत जाणाऱ्या स्वर्गीय नर्तकासाठी, नाहीतर आमराईतल्या पिवळ्याधमक हळद्यासाठी. मला हे वेड कधी पूर्ण समजले नाही, पण त्यात सामील व्हायला मजा यायची.

पावसाळ्यात आम्ही दादरीच्या पुढे एका गावाबाहेरच्या पाणथळीला जाऊ लागलो. पहिल्याच फेरीत मी चिखलात रुतले. शेजारच्या शेताचे मालक श्याम यांनी मला ट्रॅक्टरने ओढून काढले आणि वर चहा पाजला. मला नाही, त्या दोघांना. तिथेच आम्ही सारसांची जोडी पाहिली. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा. दिनकरराव खिडकीतून बघत आणि वीणाताईंना सांगत, "नर मान वर करतोय. आता मादी साथ देईल. बघ, बघ." वीणाताई स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्या खांद्यावरून डोकावत आणि म्हणत, "हो, दिसतंय." दुर्बीण एकच होती, आणि ती कुणाकडे असायची हे सांगायला नको.

वर्षे गेली. शार्दूलचे लग्न झाले, तनया जन्मली, मोठी झाली. माझा रंग टपावर फिका पडला. दिनकररावांचे हात थरथरू लागले. आधी चहाचा कप हलायचा, मग दुर्बीणही हलू लागली. ती डोळ्यांना लावली की सगळे तळे नाचते, असे ते म्हणायचे. गुडघेही धरले होते, उभे राहून बघणे संपले होते. तेव्हा माझी डावी खिडकी कामाला आली. वीणाताई काच अर्धी खाली फिरवायच्या, तिच्यावर टॉवेलची घडी ठेवायच्या आणि दिनकरराव दुर्बीण त्या घडीवर टेकवायचे. थरथर थांबायची. पक्षी जागेवर यायचा. मित्रांनो, खरे सांगते, माझे इतके कौतुक आधी कधी झाले नव्हते. "ही खिडकी आहे म्हणून मी आहे," असे ते एकदा म्हणाले. त्यात अतिशयोक्ती असेल, पण मी ती ठेवून घेतली.

आणि मग माझे वय भरत आले. आमच्याकडे पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षे झाली की तिला रस्त्यावरून निवृत्त व्हावे लागते. हवा आधीच वाईट, त्यामुळे त्याला माझी हरकत नाही. पण मी गेल्यावर दिनकरराव दुर्बीण कशावर टेकवणार, या काळजीने मी आतून खचले.

शार्दूल आईबाबांसाठी नवी मोठी गाडी घेऊन आला. "बाबा, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. हिलाही खिडकी आहे ना यार!" गुणी मुलगा आहे. एका रविवारी वीणाताई सोडून ते सगळे नव्या गाडीतून सारस बघायला गेले. मी घरी पार्किंगमध्ये होते, म्हणून हे मी तनयाच्या तोंडून ऐकले. काच खाली केली की गाडी बीप करायची. पट्टा सोडला की बीप. किल्ली काढली की बीप, नाही काढली तरी बीप. एक टिटवी ओरडत उठली आणि तिने सगळ्या पाणथळीला वर्दी दिली.

"आजी, आजोबा रागावले पण नाहीत," तनया वीणाताईंना सांगत होती. "ते फक्त म्हणाले, चलो, घरी जाऊ."

त्या संध्याकाळी दिनकररावांनी दुर्बीण कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला लावली. "पुरे झालं आता. खूप बघितलं," म्हणाले. पुढचा रविवार आला आणि गेला. ते बाल्कनीत पेपर घेऊन बसले. समोरच्या झाडावर तांबट टुकटुक करत होता, पण त्यांनी मान वर केली नाही.

वीणाताईंना ताटकळणे जमत नाही हे मी सांगितलेच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एकट्याच खाली आल्या, मला सुरू केले आणि थेट श्यामच्या शेतावर नेले. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

"श्यामभाई," त्या म्हणाल्या, "ये गाडी अब सड़क पर नहीं चलेगी. इसे आपके खेत में, पानी की तरफ मुँह करके नहीं, बगल करके खड़ा कर दें? मेरे पति के बैठने के लिए."

श्यामनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "अम्माजी, मेरा भी एक पुराना ट्रैक्टर खड़ा है उधर. चिड़ियों ने उसमें घर बना रखा है. इसकी भी जगह निकल आएगी. बस चाबी मत छोड़ना, गाँव के लौंडे घुमाने ले जाएँगे."

कागदोपत्री जे करायचे ते शार्दूलने रीतसर केले. माझी बॅटरी काढली. पेट्रोल आणि तेल शेवटच्या थेंबापर्यंत उपसले, कारण त्यातले काही पाण्यात झिरपू नये असा वीणाताईंचा हट्ट होता. श्यामनी बांधावर चार फरश्या टाकल्या आणि मला उभे केले, डावी बाजू पाण्याकडे. माझ्या काचा हाताने फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या आहेत, त्यामुळे बॅटरी नसली तरी त्या खालीवर होतात. मी गप्प आहे आणि मला कुठेही जायचे नाही. पक्षी आठवडाभरात माझ्याकडे दुर्लक्ष करू लागले.

गेला पावसाळा ओसरताना ते आले. नवी गाडी लांब विहिरीपाशीच थांबली आणि शार्दूल तिथे तिच्याजवळ थांबला. तनयाने आजोबांना हात धरून माझ्यापर्यंत आणले आणि ती मागे पळाली. दिनकरराव डावीकडे बसले. वीणाताई सवयीने उजवीकडून आत आल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, जणू मी आता निघणारच होते. काच अर्धी खाली आली. टॉवेलची घडी. दुर्बीण टेकली आणि हलली नाही.

 मला दिनकररावांचा श्वास ऐकू येत होता. समोर सारसांची जोडी होती, आणि त्यांच्यामध्ये तपकिरी, लोकरीच्या गोळ्यासारखे एक पिल्लू. इतक्या वर्षांत दिनकररावांना पिल्लू इतक्या जवळून कधी मिळाले नव्हते.

"वीणा, पिल्लू आहे गं. आई त्याला काहीतरी भरवतेय. बघ."

"हो, दिसतंय," वीणाताई त्यांच्या खांद्यामागून म्हणाल्या.

दिनकररावांनी मान वळवली. बायकोकडे पाहिले, मग स्वतःच्या खांद्याकडे, मग खिडकीकडे.

"तुला काय दिसतंय तिथून?"

"अहो, तुम्ही सांगताय ना."

"तुला माझा कान दिसतोय. इतकी वर्षं माझा कानच बघतेस तू." त्यांनी माझ्या दाराच्या कडीला हात घातला. "उठ. जागा बदलूया."

"अहो, दार उघडू नका! उडतील ना ते!"

"जाऊ देत," दिनकरराव म्हणाले.

मित्रांनो, खोकला गिळायला लावणारा हा माणूस. त्यांनी माझे दार सताड उघडले. मी गंजले होते, जोरात करकरले. सारस दचकले आणि पिल्लाला मध्ये घेऊन उंच पाणगवतात शिरले. तळे रिकामे झाले. माझ्या नाकाला धरत, धापा टाकत दिनकरराव उजवीकडे आले, वीणाताई डावीकडे गेल्या, आणि दोन्ही दारे बंद झाली. त्यांनी दुर्बीण वीणाताईंच्या हातात दिली.

मग ते वाट बघत बसले. ऊन कलले. दिनकररावांचे थरथरते हात माझ्या स्टिअरिंगवर होते. कलिंगडांच्या ढिगानंतर पहिल्यांदाच ते तिथे बसले होते, आणि मला भीती वाटली नाही.

शेवटी गवत हलले. आधी एक सारस आला, मग पिल्लू, मग दुसरा. चालत चालत ते माझ्या डाव्या खिडकीच्या अगदी समोर आले. वीणाताईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. त्यांना ती नीट जुळवता येईना. दिनकररावांनी कुजबुजत दुर्बिणीचे चाक कुठे फिरवायचे ते सांगितले. मग त्या स्तब्ध झाल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्यांचे पाय गुलाबी आहेत."

"हो."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला वाटलं, तुला दिसतंय."

 वीणाताई बघत राहिल्या, अंधार पडून शार्दूल हाक मारायला येईपर्यंत. दिनकररावांनी दुर्बीण मागितली नाही. मी आनंदात होते, आणि दोन माणसांच्या गाडीने याहून जास्त काय मागावे ते मला माहीत नाही.

आता दर रविवारी ते जागा वाटून घेतात. भांडतातही. तेव्हा मित्रांनो, माझी विनंती ऐका. पाणथळीत प्लास्टिक टाकू नका, हॉर्न वाजवू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मला दुसरेच सांगायचे आहे. तुम्हाला हवे तिथे नेणारे, रस्त्याकडे बघत बसणारे कुणीतरी तुमच्या घरात असेल. त्यांना एकदा खिडकीपाशी बसवा आणि काय दिसते ते विचारा. त्यात पक्षी उडाले तर उडू द्या.