बूच लावलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. लाकडाची नव्हे, अॅल्युमिनियमची. बारा फूट लांब, पोटाला रिव्हेटांच्या रांगा आणि नाकाशी एक पोचा. तो पोचा कसा पडला ते विचारू नका, हॉवर्डला अजून लाज वाटते. आमच्या स्पेन्सर आखाताच्या काठी माझ्यासारख्या होड्या घरोघरी असतात आणि लोक आम्हाला लाडाने 'डबडी' म्हणतात. मला राग येत नाही. श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र बोटींना कोणी डबडी म्हणत नाही हे खरं, पण त्यांच्या पाठीवर थाप मारून 'चल ग बाई' असंही कोणी म्हणत नाही.

माझा जन्म एका शहरातल्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि संध्याकाळपर्यंत मी उन्हात चमकत उभी. हॉवर्ड ट्रेझाइज तेव्हा पंचविशीतला गहू-बार्लीचा शेतकरी होता, नुकतंच लग्न झालेला. त्याने मला घेतलं आणि माझ्याबरोबर एक लोखंडी ट्रेलरही घेतला. त्या दिवसापासून तो ट्रेलर माझा जन्माचा सोबती. तो गंजतो, मी गंजत नाही, यावरून मी त्याला पुष्कळ हिणवलं. पुढे माझीच खोड मोडली, ते सांगतेच.

हॉवर्डचे आजे-पणजे साता समुद्रापलीकडून इथल्या तांब्याच्या खाणीत काम करायला आले होते. खाणी केव्हाच बंद पडल्या, पण त्या घरात तांबं अजून देवासारखं. नव्या घराच्या उंबऱ्याखाली तांबं, पाळण्याच्या उशाशी तांबं. मग मीच कशी सुटणार? आजोबांनी खाणीतून आणलेला अंगठ्याएवढा तुकडा हॉवर्डने माझ्या तळाच्या फळीखाली पुट्टी लावून चिकटवला.

"आता तुला काही होणार नाही," तो म्हणाला. मला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा!

पहिली पंचवीस-सव्वीस वर्षं नुसती मजेची. दर रविवारी हॉवर्ड आणि ग्लेनिस मला घेऊन निघायचे. त्यांच्यात कामं वाटलेली होती. इंजिन आणि गळ त्याचे. जेवण आणि बूच तिचं. होडीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक भोक असतं. घरी गेल्यावर आत साठलेलं पाणी त्यातून काढायचं आणि पाण्यात उतरण्याआधी त्याला पितळेचं फिरकीचं बूच लावायचं. आमच्या गावात माणसाची अक्कल त्या बुचावरून मोजतात. धक्क्याच्या बाकावर दोन-चार म्हातारे तेवढ्यासाठीच बसलेले असतात. कोणी बूच विसरून होडी पाण्यात सोडली, की त्याचं नाव वर्षभर निघतं.

ग्लेनिस एकदाही विसरली नाही. बूच पिळायची, वर अंगठ्याने दाबून बघायची आणि गाणं गुणगुणत चढायची. मुडदुशी मासे धरायला तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला होता, हेही सांगून टाकते.

आणि मग तो फेब्रुवारीतला रविवार आला. परत येताना ग्लेनिसचे कापडी बूट ओले झाले. तिने खाली पाहिलं तर घोट्याएवढं पाणी. आइस्क्रीमच्या डब्याने दोघं उपसू लागली, पण उपसावं त्याच्या दुप्पट आत येत होतं. इंजिन बुडालं, मी बसले. आमचं आखात उथळ, म्हणून दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, नाहीतर हे सांगायला उरलं कोण असतं? सुट्टीला आलेल्या एका परक्या माणसाने ट्रॅक्टरने मला वाळूवर ओढलं. पाणी निघून जावं म्हणून त्याने माझं बूच काढलं. ते शेवाळात कुठेतरी पडलं. ग्लेनिस तेव्हा दूर उभी राहून स्वेटर पिळत होती आणि हॉवर्ड पाण्यात वल्ही गोळा करत होता. हॉवर्ड येईपर्यंत तो भला माणूस ट्रॅक्टर घेऊन निघूनही गेला.

हॉवर्डने ते उघडं भोक पाहिलं आणि सगळ्या किनाऱ्यासमोर ओरडला, "ग्लेन! बूच विसरलीस!"

"लावलं होतं."

"मग हे भोक काय सांगतंय?"

"भोकाला विचार. मी लावलं होतं."

लावलं होतं, मित्रांनो! मी साक्षीदार होते. माझ्या मागे तिचा अंगठा मी स्वतः ओळखला होता. पण होडीला तोंड कुठे असतं?

त्यानंतर ग्लेनिस माझ्यात बसली नाही. "ज्या होडीत माझ्या शब्दाला किंमत नाही, तिच्यात मी कशाला बसू?" एवढंच म्हणाली. भांडण नाही, अबोला नाही. संसार छान चालला. पण तिच्याशिवाय हॉवर्डलाही गोडी उरली नाही. कोंबड्यांच्या खुराड्यामागे मला ट्रेलरवर उभं केलं ते केलंच. माझ्यात जुन्या तारांची भेंडोळी पडली. एका कोंबडीने तीन पिढ्या माझ्यात वाढवल्या. आणि गाव मात्र विसरलं नाही. दर नाताळात कोणी ना कोणी ग्लेनिसला रंगीत कागदात गुंडाळून एक बूच भेट द्यायचं. ती हसायची, सगळ्यांच्या आधी हसायची. मग खुराड्यामागच्या फडताळावरच्या बिस्किटांच्या डब्यात ते बूच टाकून जायची. टण्ण! तो आवाज मी बावीस वर्षं ऐकला, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी हॉवर्डने शेती मुलाच्या हाती दिली. रिकामा बसलेला शेतकरी म्हणजे घरात सोडलेलं मेंढरू. आठ दिवसांत ग्लेनिस कातावली.

"माझ्या डब्यांची जागा बदलू नकोस! जा, ती डबडी तरी नीट कर."

"येशील मग बसायला?"

"धक्क्यापर्यंत येईन. पुढचं बोलू नकोस."

तेवढंच त्याला पुरलं. त्याने शेजारच्या कॉनला बोलावलं. कॉन म्हणजे जन्मभर जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करून निवृत्त झालेला ग्रीक म्हातारा, तोंडाने फटकळ आणि हाताने देव. त्याने आधी ट्रेलरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हॉवर्ड, हा ट्रेलर नाही रे, हा गंज आहे. गंजाने धरून ठेवलाय म्हणून उभा आहे बिचारा!"

ट्रेलरला नवा आस मिळाला, नवी चाकं, ग्रीस भरलेली नवी बेअरिंगं. माझ्या तारा निघाल्या, कोंबडीला मानाने दुसरीकडे हलवलं. मग व्हिनेगर आणि ब्रशने घासणं सुरू झालं. म्हातारपणी कोणी पाठ चोळून दिली तर कसं वाटतं ते तुम्हाला आता नाही कळायचं.

शेवटी कॉनने तळाच्या सडक्या फळ्या उचलल्या आणि थबकला. मागच्या फळीखाली पांढरी भुकटी साचली होती. त्या भुकटीत हिरवा पडलेला एक तुकडा होता आणि तुकड्याखाली बोट जाईल एवढं भोक. ते नेमकं ट्रेलरच्या आडव्या लाकडावर टेकलेलं, म्हणून इतकी वर्षं बाहेरून कोणाला दिसलं नव्हतं.

"हे कोणी ठेवलं इथे?" कॉनने विचारलं.

"मी. आजोबांचं तांबं आहे. आमच्यात शुभ असतं."

"तुमच्यात असेल, हिच्यात नाही! अरे शहाण्या, खाऱ्या पाण्यात तांबं शेजारी ठेवलं की ते अॅल्युमिनियमला कुरतडून खातं. तू हिच्या पोटात उंदीर पाळला होतास."

हॉवर्ड खुराड्याच्या पायरीवर मटकन बसला.

"म्हणजे तिने बूच लावलं होतं," तो म्हणाला.

"आता मला काय विचारतोस? बावीस वर्षांपूर्वी तिला विचारायचं होतंस."

"कॉन, ग्लेनला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? तू सांगणार आहेस."

कॉनने भोकावर नवा पत्रा जोडला, पण हॉवर्डचं तोंड काही उघडेना. त्याने मला दोन वेळा रंग दिला, बाक नवे केले, वल्ही घासली. तिने चहा आणला की तो "ग्लेन..." म्हणायचा, आणि मग "साखर कमी आहे" म्हणून पुन्हा घासायला लागायचा. ते तांबं तो सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत होता. मी मनात म्हणायची, बोल रे बाबा, बोल. सगळ्या जन्मात मला कोणाचा राग आला असेल तर त्या तीन आठवड्यांत हॉवर्डचा.

अखेर शनिवार उजाडला. धक्का घरापासून पस्तीस किलोमीटर. एवढं धावल्यावर ट्रेलरची चाकं तापतात, आणि तापलेली चाकं थेट पाण्यात घातली की बेअरिंगं खारं पाणी आत ओढून घेतात. म्हणून आमच्याकडे उताराच्या वर गाडी थांबवून पाव तास चहा प्यायची रीत आहे. हॉवर्डने माझं नवं बूच हातात घेतलं होतं. आज ते काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं.

बाकावरचा एक म्हातारा ओरडला, "काय ग्लेनिस, थर्मासचं बूच तरी लावलंस ना?"

सगळे हसले. ग्लेनिसही हसली. पण या वेळी हॉवर्ड तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ते हसू कुठपर्यंत पोचतं ते त्याला दिसलं. त्याने हातातलं बूच खिशात टाकलं आणि त्याच खिशातून तांबं काढून तिच्या हातावर ठेवलं.

"हे मी ठेवलं होतं. याने भोक पाडलं. तू बूच लावलं होतंस, ग्लेन. मी गाढव."

ग्लेनिसने तांबं उलटंसुलटं केलं. तिचे डोळे भरून आले.

"एकोणतीस बुचं आहेत त्या डब्यात, हॉवर्ड. एकोणतीस!"

"माहीत आहे."

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. त्यांना सांग."

चारचौघांत हॉवर्डचा आवाज एरवी निघत नाही. पण तो ट्रेलरच्या मडगार्डवर चढला, माझ्या काठाला धरलं आणि ओरडला, "ऐका हो! बावीस वर्षांपूर्वी ग्लेनिसने बूच लावलं होतं! होडी मी बुडवली! यापुढे बुचं मला द्या!"

बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसने डोळे पुसले, खिमा-बटाटा भरलेल्या पेस्ट्यांची पिशवी उचलली आणि कोणी हात देण्याआधीच माझ्यात चढून बसली. काय सांगू मित्रांनो, रिव्हेटन् रिव्हेट सुखावली माझी!

चाकं गार झाली होती. ट्रेलर ऐटीत मागे सरला, मी पाण्यात उतरले, हॉवर्ड गाडी लावून आला आणि चढला. आणि ग्लेनिसचे बूट ओले झाले.

तिने खाली पाहिलं. मग हॉवर्डकडे. हॉवर्डने खिशाला हात लावला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बूच खिशातच होतं.

"काय झालं ग?" बाकावरून आरोळी आली.

ग्लेनिसने त्याच्या हातातून हळूच बूच घेतलं, मागे वाकून, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पिळलं आणि अंगठ्याने दाबून बघितलं. तोच अंगठा.

"काही नाही!" ती बाकाकडे बघून मोठ्याने म्हणाली. "लावलं होतं त्याने. जरा सैल होतं, एवढंच!"

हॉवर्ड आइस्क्रीमचा डबा घेऊन मुकाट्याने पाणी उपसू लागला, आणि उपसता उपसता रडत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी पडून असेल तर तिच्या फळ्या वर्षातून एकदा उचलून बघत जा. ट्रेलरला ग्रीस लावा, माझ्यासारखं नुसतं हिणवू नका. आणि उघडं भोक दिसलं म्हणून लगेच कोणाचं नाव घेऊ नका. आधी आपण काय चिकटवून ठेवलंय ते पाहा.

त्या दिवशीचं खरं त्या दोघांना आणि मलाच ठाऊक होतं. पण या वेळी मला तोंड नाही याचं जराही वाईट वाटलं नाही.